वायपरची थरथर आणि काचेवरचे फराटे: दोष नेमका कुठे असतो?

मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून. त्याच्या आसपास स्पेअर पार्टच्या दुकानांत वायपर ब्लेडला मागणी वाढते, आणि नवं ब्लेड बसवूनही अनेकांची तक्रार तशीच राहते. वायपर काचेवर थडथडत जातो आणि मागे फणीच्या दातांसारख्या रेघा सोडतो. किंवा आवाज काहीच नसतो, पण समोरून गाडी आली की सगळी काच दुधी होते. दिवसा हे नुसतं त्रासदायक वाटतं. रात्री आंबोली किंवा ताम्हिणीच्या घाटात, समोर ट्रकचे दिवे असताना, ते सरळ जिवावर बेतू शकतं.

ब्लेड बदलूनही फरक पडत नाही, कारण पुष्कळदा दोष ब्लेडमध्ये नसतोच. काच, रबर आणि रबर काचेला टेकतं तो कोन, या तीन गोष्टी जुळल्या तरच वायपर पुसतो. यातली काच सुधारायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, म्हणून सुरुवात तिथून करावी. गॅरेजमध्ये मात्र बहुतेक वेळा उलट क्रमाने काम होतं.

रबराची कडा काम कशी करते

न्हाणीघराची फरशी पुसायचा वायपर आठवा. तो आपल्याकडे ओढला की त्याची रबरी पट्टी मागे झुकते आणि कडेवर घसटत पाणी पुढे लोटते. गाडीचा वायपरही तसाच चालतो, पण त्याला दोन्ही दिशांनी पुसायचं असतं. म्हणून त्याच्या रबराला एक बारीक मान दिलेली असते. वर जाताना रबर खालच्या बाजूला झुकतं, टोकाला पोचलं की मानेतून कूस बदलतं आणि खाली येताना वरच्या बाजूला झुकतं. काचेला टेकते ती फक्त एक कडा, केसाच्या जाडीपेक्षाही बारीक.

साध्या गतीला मिनिटाला साधारण ४५ फेऱ्या धरल्या, तर तासाला २,७०० फेऱ्या आणि ५,४०० वेळा कूस बदलणं होतं. मुंबईहून सावंतवाडीपर्यंत दहा तास पाऊस लागला, तर एकाच प्रवासात पन्नास हजारांहून जास्त वेळा. एवढं काम करणारं रबर आपल्याकडे ऑक्टोबरपासून जूनपर्यंत जवळजवळ आठ महिने उन्हात एकाच कुशीवर पडून असतं. त्यात ते कडक होतं आणि त्याच बाजूला वाकून बसतं. पहिल्या सरीत त्याने सफाईदारपणे कूस बदलावी, अशी आपली अपेक्षा असते.

थरथर म्हणजे काय? फळ्यावरचा खडू बघा

खडू तिरका धरून ओढला की सलग रेघ येते. उभा धरून पुढे ढकलला की तो करकरतो आणि रेघेऐवजी ठिपक्यांची रांग उमटते. खडू क्षणभर अडकतो, ताण वाढला की सुटतो, पुन्हा अडकतो. वायपरची थरथर हुबेहूब हीच आहे. कडा काचेला चिकटते, मोटर आर्मला ओढत राहते (आर्म म्हणजे ब्लेड धरणारा लोखंडी दांडा), आर्म थोडा वाकतो आणि मग कडा उसळून पुढे पडते. सेकंदात असं अनेकदा होतं आणि प्रत्येक उडीत पाण्याची एक पट्टी न पुसता मागे राहते.

कडा चिकटू नये म्हणून तिच्याखाली पाण्याचा पातळ, सलग थर लागतो. वायपरच्या बाबतीत पाणीच वंगणाचं काम करतं. काच तेलकट असेल तर पाणी पसरत नाही, थेंब थेंब होऊन राहतं. मग कडेखाली एकदा ओलं, एकदा कोरडं असं येत राहतं आणि खडूची करकर सुरू होते.

फराट्यांचं मूळही पुष्कळदा याच तेलकटपणात असतं. रबर पाणी काढतं, पण तेलाचा थर नुसता फासत जातं. त्या थरावर बारीक धुक्यासारखे कण उरतात आणि समोरचा प्रकाश त्यांच्यावर विखुरतो.

काचेवर एवढं साचतं तरी काय?

डिझेलची काजळी, पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेलं रस्त्यावरचं तेल, किनाऱ्याजवळ खारा दमट थर, आंब्याखाली गाडी लावली तर चीक, बोअरच्या पाण्याने धुतली तर क्षारांचे पांढरे डाग. हे सगळं सहज लक्षात येतं. लक्षात येत नाही ते आपणच लावलेलं. वॅक्स असलेला कार शाम्पू धुताना काचेवरही उतरतो. डॅशबोर्ड किंवा टायर चमकवायच्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असतं, आणि ज्या फडक्याने डॅशबोर्ड पुसला त्याच फडक्याने काच पुसली जाते. सिलिकॉनचा तो हात साध्या साबणाने लवकर निघत नाही. सर्व्हिसिंगहून गाडी आली आणि दुसऱ्या दिवशी वायपर थरथरू लागला, तर आधी या फडक्याचा संशय घ्यावा.

आधी निदान: रेघ वाचायला शिका

काच ओली करा, वायपर दोन-चार फेऱ्या फिरवा आणि काय उरतं ते नीट बघा. ब्लेडच्या फिरण्याच्या दिशेने जाणारी एकच बारीक रेघ असेल, तर कडेवर कचरा अडकला आहे किंवा तिथे चीर पडली आहे. तीन-चार बोटं रुंद पट्टा न पुसता राहत असेल, तर त्या भागात दाब पोचत नाही: ब्लेडचा सांगाडा वाकला आहे किंवा काचेच्या वळणाला ते ब्लेड जुळत नाही. पुसल्यावर दुधी पडदा येतो आणि दोन-तीन सेकंदांत उडून जातो, तेव्हा काच तेलकट आहे. ब्लेडला समांतर अशा फणीसारख्या रेघा म्हणजे थरथर.

थरथर असेल तर आणखी एक गोष्ट टिपून ठेवा. ती दोन्ही दिशांना होते की फक्त वर जाताना, किंवा फक्त खाली येताना? दोन्हीकडे होत असेल तर बहुधा काच किंवा रबर. एकाच दिशेला होत असेल तर बहुधा कोन. हे एक निरीक्षण केलं तर निम्मं काम झालंच.

काच धुणं, पण नीट

गाडी सावलीत लावा आणि काच थंड होऊ द्या. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू द्या. कोरड्या धुळीवर फडकं फिरवलं तर काचेवर ओरखडे येतात. मग एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, भांडी घासायचा लिक्विड साबण घालून मायक्रोफायबर फडक्याने काच धुवा. वायपर जिथे विसावतात तो खालचा भाग आणि कडेचे कोपरे सोडू नका. नंतर भरपूर पाण्याने साबण काढून टाका.

आता काचेवर मगाने पाणी ओता आणि बघा. पाणी चादरीसारखं सलग पसरून खाली उतरलं तर काच स्वच्छ. ते थेंब किंवा ओघळ होऊन तुटलं तर थर अजून आहे. ही चाचणी फुकट आहे आणि नव्या ब्लेडचे पैसे मोजण्याआधी प्रत्येकाने करावी.

थर असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ फडक्यावर घेऊन एक-एक हात रुंद भाग पुसत जा. फडक्याची बाजू सारखी बदला, नाहीतर तेच तेल पुढे फिरतं. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून ते मोकळ्या हवेत, आगीपासून दूर वापरा. बोअरच्या पाण्याचे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन त्यात भिजवलेलं फडकं पाच मिनिटं डागांवर ठेवा आणि लगेच धुवा. ते रंगावर ओघळू देऊ नका.

एवढं करूनही पाणी तुटतच असेल, तर सेरियम ऑक्साइड असलेलं काचेचं पॉलिश लागेल. पावडर मिळाली तर पाण्यात ताकासारखी पातळ कालवा, नमद्याच्या पॅडने हलक्या हाताने गोल गोल घासा आणि मिश्रण वाळू देऊ नका. रबरी कडांना आणि रंगाला आधी चिकटपट्टी लावून घ्या. हाताने घासलं तर पुढच्या काचेला अर्धा-पाऊण तास सहज जातो. यंत्रावर एकाच जागी रेटून घासू नका, काच तापते आणि तिथून बघताना दृश्य लाटांसारखं वेडंवाकडं दिसू लागतं.

आता रबर

ब्लेड उचलण्याआधी एक सावधगिरी. काही गाड्यांत वायपर बॉनेटच्या कडेखाली दडलेले असतात, त्यांना आधी उभ्या स्थितीत आणावं लागतं. ती पद्धत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. आणि ब्लेड काढून आर्म उघडा ठेवणार असाल, तर काचेवर जाड टॉवेलची घडी ठेवा. स्प्रिंगच्या जोराने उघडा आर्म आपटला तर काच तडकते, आणि थरथर घालवायच्या नादात पुढची काच बदलायची वेळ येते.

ओल्या फडक्यावर थोडं अल्कोहोल घेऊन रबराची कडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-तीनदा पुसा. थोडा काळा रंग येणारच. फडकं पांढरं येईपर्यंत घासत बसू नका, कारण बऱ्याच ब्लेडवर ग्रॅफाइटचा थर मुद्दाम दिलेला असतो आणि तोच घर्षण कमी करतो. पॉलिश पेपर तर कधीच लावू नका. कारखान्यात धारदार कापलेली कडा घरी घासून पुन्हा धारदार होत नाही, ती गोल होते.

मग रबर नीट बघा. कडा सरळ उभी आहे की एका बाजूला वाकून बसली आहे? बोटाने डावी-उजवीकडे लोटल्यावर ती दोन्हीकडे सारखी पडते का? बारीक भेगा, तुकडा उडाला आहे का? यातलं काही दिसलं तर रबर गेलं, धुऊन ते सुधारणार नाही. सांगाडा धड असेल आणि त्या मापाची सुटी रबरपट्टी मिळत असेल, तर तेवढी बदलूनही काम होतं. सांगाड्याचे सांधे खुळखुळत असतील तर पूर्ण ब्लेडच घ्या.

नवं ब्लेड मे महिन्याच्या शेवटी घ्यावं, दिवाळीत नव्हे. दिवाळीत घेतलेलं पहिला पाऊस बघेपर्यंत सगळा उन्हाळा सोसून बसतं. घेताना वेष्टनावरची उत्पादनाची तारीख बघा, कारण रबर दुकानात पडूनही म्हातारं होतं.

“नवं ब्लेड बसवलं, तरी थरथरतंय”

पहिली शक्यता, काच धुतलेली नाही. दुसरी ऐकायला साधी वाटते, पण घडते खरी: कडेवरची प्लॅस्टिकची संरक्षक पट्टी काढायची राहिली आहे. तिसरी, आर्मच्या टोकाच्या हुकात बसणारा प्लॅस्टिकचा तुकडा चुकीचा आहे आणि ब्लेड आर्मवर डुलतंय. बसवताना ‘टक’ असा आवाज आला पाहिजे, आणि हाताने हलवल्यावर ब्लेड फक्त वर-खाली डोलायला हवं, आडवं हलायला नको.

लांबीही तपासा. चालकाचं आणि शेजारचं ब्लेड पुष्कळदा वेगळ्या मापाचं असतं. जास्त क्षेत्र पुसलं जाईल म्हणून एक-दोन इंच लांब ब्लेड घेतलं, तर तोच दाब जास्त लांबीवर वाटला जातो आणि टोकं काचेच्या वळणावर तरंगतात. बिनसांगाड्याच्या चपट्या ब्लेडमध्ये आत पोलादी पट्टी असते आणि तिचं वळण काचेशी जुळावं लागतं. स्वस्त चपट्या ब्लेडमध्ये नेमकी हीच गोष्ट चुकते. माझ्या मते, गाडी जुनी असेल आणि मूळचं ब्लेड सांगाड्याचं असेल, तर चांगल्या दर्जाचं सांगाड्याचंच घ्यावं.

आर्मचा दाब आणि आर्मचा पीळ

ब्लेडवर किती दाब असावा याचा ढोबळ हिशेब सेंटिमीटरमागे १५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ६० सेंटिमीटरच्या ब्लेडला सुमारे ९०० ग्रॅम, ४० च्या ब्लेडला सुमारे ६००. सामान तोलायचा हूक-काटा ब्लेडच्या जोडाला अडकवून काचेपासून सरळ बाहेर ओढा, आणि रबर काचेवरून सुटतं त्या क्षणाचा आकडा वाचा. तो निम्म्यावर आला असेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा आर्मचा सांधा मातीने जाम झाला आहे. सांध्यातली माती ब्रशने काढून खिळीवर तेलाचा एक थेंब सोडला की पुष्कळदा दाब परत येतो. जास्तीचं तेल पुसून टाका, ते काचेवर उतरायला नको.

मग आर्म मुळाशी धरून हलवून बघा. नट सैल असेल किंवा खालच्या जोडण्यांचे प्लॅस्टिकचे बुश (सांध्यातली कडी) झिजले असतील, तर तो ढिलेपणाही थरथरीला खतपाणी घालतो.

आता पीळ. यांत्रिक ब्रश फिरणाऱ्या गाडी-धुलाईत, किंवा कुणी आर्म धरून गाडीवर चढल्याने, आर्म किंचित पिळला जातो. वायपर काचेच्या मधोमध आला की चावी बंद करा आणि वायपरचा स्विचही बंद ठेवा. ब्लेड काढा, आर्म टॉवेलवर टेकवा आणि टोकाकडून बघा. आर्मच्या शेवटच्या पट्टीची चपटी बाजू काचेला समांतर दिसली पाहिजे. ती तिरकी असेल, तर रबर एका दिशेला ओढलं जातं आणि दुसऱ्या दिशेला ढकललं जातं. ढकलला जाणारा खडू काय करतो ते वर आलंच आहे.

दुरुस्तीसाठी दोन पाने लागतात. पट्टीवर फडकं गुंडाळा, एका पान्याने आर्म मुळाच्या बाजूला घट्ट धरा आणि दुसऱ्याने हुकाजवळ अगदी थोडा पीळ द्या, दोन-तीन अंश पुरे. ज्या दिशेला जाताना थरथर होते, त्या दिशेकडे ब्लेडची पाठ झुकली पाहिजे, म्हणजे कडा मागे राहून ओढली जाईल. झाडू ओढताना दांडा पुढे आणि हीर मागे असतात, तसंच. ब्लेड बसवा, काच ओली करा, बघा, लागलं तर पुन्हा थोडं. ब्लेड बसवल्याशिवाय चावी मात्र फिरवू नका, आर्म जागेवर परतताना काचेवर ओरखडा काढेल. आर्म ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा असेल तर पिळण्याच्या भानगडीत पडू नका, तो तुटतो. बदला.

“भर पावसात ठीक चालतो, भुरभुरीत करकरतो”

रबराचं घर्षण ओल्या काचेवर कमी असतं आणि अर्धवट वाळत्या काचेवर सर्वांत जास्त. भुरभुर असताना सलग वायपर चालवला की दुसऱ्या फेरीला काच अर्धी कोरडी झालेली असते. थांबून-थांबून फिरणारी गती वापरा. काच आणि रबर चांगलं असूनही फक्त भुरभुरीत थोडा आवाज येत असेल, तर त्यामागे धावू नका.

“पाणी झटकणारं कोटिंग लावलं तर?”

ते ताजं असताना महामार्गाच्या वेगात थेंब वाऱ्याने उडून जातात, हे खरं. पण वायपरला सलग थर हवा असतो, आणि कोटिंगचं काम थर तोडायचंच. काही आठवड्यांनी वायपरच्या वाटेवर ते ठिकठिकाणी झिजतं आणि कडेखाली एकदा गुळगुळीत, एकदा चिकट असं येऊ लागतं. कोटिंग लावायचंच असेल तर आधी काच पॉलिशने पूर्ण साफ करा आणि झिजू लागलं की पुन्हा सगळ्या काचेवर लावा. शहरात, कमी वेगाने गाडी चालवणाऱ्याला त्याचा फायदा थोडा आणि कटकट जास्त.

रॉकेल, शाम्पू, तंबाखू, बटाटा

रॉकेल किंवा डिझेलने काच चमकते, पण मागे तेलकट थर राहतो आणि रबर फुगून मऊ पडतं. रबराला खोबरेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे लावला तर दिवसभर आवाज बंद होतो, आणि रात्री काचेवर फराटेच फराटे. काचेवर पाणी उडवणाऱ्या वॉशरच्या बाटलीत केसांचा शाम्पू घालण्याची सवयही सोडा. फेस होतो आणि वाळल्यावर थर उरतो. वॉशरचं तयार द्रावण वेष्टनावरच्या प्रमाणात आणि शक्यतो क्षार नसलेलं पाणी, एवढं पुरतं.

वायपर बंद पडल्यावर काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळण्याची जुनी युक्ती मात्र निराधार नाही. त्या रसाने पाणी थेंब न होता पसरतं, म्हणून थोडा वेळ समोरचं दिसतं. जवळच्या गॅरेजपर्यंत पोचायला ठीक. नंतर काच धुवायलाच हवी, कारण तो रस वाळला की तोच फराट्यांचं कारण होतो.

फराटा आतला की बाहेरचा?

कोकणात आणि गोव्यात हा घोळ फार होतो. वायपर पुसतो, दोन सेकंदांत काच पुन्हा धुरकट होते आणि दोष ब्लेडवर जातो. काचेला आतून बोट लावा. आत ओल लागली तर एसी चालू करून वारा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत घ्या. आत कोरडं असेल तर उलट झालं आहे: एसीच्या गार झोताने काच इतकी थंड झाली की बाहेरच्या दमट हवेतली वाफ तिच्यावर जमते. झोत काचेवरून हटवा, तापमान दोन-तीन अंश वाढवा.

दोन्हीकडे ओल नाही, तरी रात्री पडदा दिसतो? उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ काचेच्या आतल्या बाजूला पातळ थर धरते. तो कोणताही वायपर पुसणार नाही. अल्कोहोल लावलेल्या फडक्याने आतून पुसा, दारं उघडी ठेवून.

उन्हाळ्यात वायपर उभे करून ठेवावेत का?

गाडी एक-दोन महिने हलणार नसेल तर रबर काचेवरून सुटं ठेवणं चांगलं, आणि त्यासाठी आर्मखाली लहानसा लाकडी ठोकळा पुरतो. रोज चालणाऱ्या गाडीत वायपर उभे करून फायदा नगण्य आहे, उलट कुणाचा धक्का लागून आर्म पिळला जायची भीती. त्यापेक्षा उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा काच ओली करून वायपर चार फेऱ्या फिरवावा. रबराला कूस बदलायची सवय राहते. कोरड्या काचेवर मात्र कधीच फिरवू नका.

सगळं केलं, तरी रात्री समोरचा प्रकाश काचेवर विखुरतो

सकाळच्या तिरप्या उन्हात चालकाच्या जागेवरून काच बघा. महामार्गावर लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीच्या काचेवर खडीचे आणि वाळूचे बारीक खड्डे दिसतील, आणि ब्लेडच्या वाटेवर कमानीसारखे ओरखडे. रबर निसटून लोखंड घासलं गेलं असेल तर त्यातला एखादा ओरखडा नखाला लागेल. नखाला लागणारा ओरखडा पॉलिशने घालवायचा प्रयत्न करू नका. पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा ठेवून बनवलेली असते, आणि खोल घासल्यावर वरची काच लाटांसारखी होते. खड्डे चालकाच्या नजरेसमोर दाट असतील, तर वायपरवर खर्च थांबवून काच बदलायचं काम पावसाआधी उरकून घ्यावं.